अमेरिकन युनिव्हर्सिटीत नोकरी लागली: व्हिसा आणि वर्क परमिटची कामं कोणत्या क्रमाने करायची

मार्च-एप्रिल आला की मला ठराविक मेसेज यायला लागतात. "ताई, पोस्टडॉकची ऑफर आलीये, एच-१बी साठी कुठे अप्लाय करू?" आता या एका ओळीतच दोन घोळ आहेत. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, त्यासाठी तुम्ही अप्लाय करतच नाही, युनिव्हर्सिटी करते. आणि पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीला, एच-१बीच मिळणार हे तुम्हाला सांगितलं कुणी? बहुतेकांना जे-१, म्हणजे एक्स्चेंज व्हिजिटरचा व्हिसा, मिळतो, आणि तो घ्यावा की नाही हा विचार ऑफर लेटरवर सही करण्याआधी करायचा असतो, नंतर नाही.

मी स्वतः जे-१ वर आले, मग एच-१बी झालं, आणि मधल्या काळात करता येतील त्यातल्या बऱ्याच चुका करून झाल्या. मी वकील नाही. तुमच्या केसमध्ये शेवटचा शब्द तुमच्या युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसचा. पण त्यांना कोणते प्रश्न कधी विचारायचे एवढं जरी कळलं तरी अर्धं काम होतं, म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहितेय.

## सुरुवातीआधी: तीन गोष्टी वेगळ्या ठेवा

लोक व्हिसा, स्टेटस आणि वर्क परमिट हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

पासपोर्टवरचा व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंत जायचा पास. तो संपला तरी तुम्ही अमेरिकेत बसून काम करू शकता. स्टेटस म्हणजे आत किती दिवस आणि कशासाठी राहायची परवानगी आहे ते, आणि ते आय-९४ नावाच्या रेकॉर्डमध्ये असतं. कामाची परवानगी ही तिसरी गोष्ट. जे-१ ला ती डीएस-२०१९ या फॉर्ममधून येते, एच-१बी ला युनिव्हर्सिटीने केलेल्या आणि मंजूर झालेल्या पिटिशनमधून, आणि ओपीटीवाल्यांना (शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी मिळालेले विद्यार्थी) ईएडी या वर्क परमिटच्या कार्डातून.

कोणी "माझा व्हिसा जूनमध्ये संपतोय" म्हणालं की आधी विचारायचं, स्टॅम्प संपतोय, आय-९४ संपतोय की डीएस-२०१९? उत्तरानुसार घाबरायचं की नाही ते ठरतं.

## १. तुम्ही आत्ता कुठे उभे आहात?

हे एका कागदावर लिहून काढा. आजवर अमेरिकेत कोणकोणत्या स्टेटसवर होतात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सगळं. नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर जे-२ वर काढलेलं वर्षसुद्धा यात येतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात.

भारतात बसून पहिल्यांदा जाताय: जे-१ ची शक्यता सगळ्यात जास्त.

अमेरिकेतच एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, मास्टर्स किंवा पीएचडी संपतेय: आधी ओपीटी, मग एच-१बी.

कंपनीत एच-१बी वर आहात आणि युनिव्हर्सिटीत जायचंय: सगळ्यात सोपी केस. युनिव्हर्सिटीचं पिटिशन यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) पोचलं की तिथे रुजू होता येतं, मंजुरीपर्यंत थांबायची गरज नाही.

कॅनडाचं नागरिकत्व घेतलेले आपले लोक टीएन वर येऊ शकतात, ऑस्ट्रेलियाचे नागरिक ई-३ वर. पण नागरिकत्वच लागतं हां, टोरांटोत पीआर घेऊन बसलेल्याला टीएन मिळत नाही. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच.

## २. ऑफरवर सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

प्रोफेसर तुम्हाला प्रेमाने सांगतील, "डोन्ट वरी, एचआर बघून घेईल." प्रोफेसर मंडळी यातलं फारसं जाणत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. पण तुमची पाच वर्षं कशी जाणार ते इथे ठरतं, म्हणून ईमेलवर, लेखी, हे विचारून घ्या:

- माझ्या पोस्टसाठी तुम्ही कोणती कॅटेगरी देता, आणि एच-१बी पोस्टडॉकला देता का? बऱ्याच युनिव्हर्सिटींचं धोरणच असं असतं की पोस्टडॉक म्हणजे जे-१.
- फीचे पैसे डिपार्टमेंट भरणार का?
- पगार कुठून येणार, प्रोफेसरच्या ग्रँटमधून की कुठल्या सरकारी फेलोशिपमधून? हे का विचारायचं ते पुढे येईल.
- कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं, आणि डीएस-२०१९ एकदम तेवढ्या काळाचा निघेल की एकेक वर्षाचा?
- तुमचं इंटरनॅशनल ऑफिस कागद पूर्ण मिळाल्यावर किती दिवस घेतं?

⚠ नोकरीचा राजीनामा, पुण्यातला फ्लॅट सोडणं, विमानाचं तिकीट, यातलं काहीही या उत्तरांच्या आधी करू नका.

## ३. कॅटेगरी: कशात काय अडकतं

### जे-१ रिसर्च स्कॉलर

जास्तीत जास्त ५ वर्षं. कंपन्यांच्या एच-१बी सारखी लॉटरी नाही, यूएससीआयएसकडे पिटिशन नाही, डीएस-२०१९ युनिव्हर्सिटी स्वतःच काढते, त्यामुळे काम लवकर होतं. जोडीदाराला जे-२ वर ईएडी काढून नोकरी करता येते, हा मोठाच फायदा. एच-४ वाल्यांना (एच-१बी वाल्यांचे जोडीदार) बहुतेक वेळा मुख्य माणसाचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डाचं पिटिशन, मंजूर होईपर्यंत तसं काही मिळत नाही.

आता अडकायच्या जागा, आणि इथे जरा सावकाश वाचा.

पहिली, ती ५ वर्षं साठवून ठेवता येत नाहीत. समजा तुम्ही १४ महिने काम केलंत, प्रोग्रॅम संपवला आणि भारतात परतलात. उरलेली जवळपास चार वर्षं गेली, वर २४ महिने पुन्हा रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर कॅटेगरीत जे-१ वर येता येत नाही. "मध्ये वर्षभर घरी जाऊन येते, मग दुसऱ्या लॅबमध्ये जॉइन होते" हा प्लॅन इथे फसतो. लॅब बदलायची असेल तर मधे खंड न पाडता ट्रान्सफर करायचं, चालू डीएस-२०१९ संपायच्या आत.

दुसरी, गेल्या १२ महिन्यांत तुम्ही कुठल्याही जे स्टेटसवर सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ असाल, जे-२ धरून, तर नव्याने रिसर्च स्कॉलर म्हणून सुरुवात करायला आडकाठी येते. पहिल्या पायरीत तो कागद लिहायला सांगितला तो यासाठी.

तिसरी, दोन वर्षं मायदेशी राहायची अट, जिला सगळे २१२ई म्हणतात. पूर्वी भारतीयांपैकी कितीतरी जण नुसत्या स्किल्स लिस्टमुळे (मायदेशाला गरज असलेल्या कौशल्यांची अमेरिकेची यादी) यात यायचे. ९ डिसेंबर २०२४ पासून नवी लिस्ट लागू झाली आणि तिच्यात भारत नाही, आणि फक्त त्या लिस्टमुळे अडकलेले जुने लोकही सुटले. पण खास तुमच्या प्रोग्रॅमसाठी भारत किंवा अमेरिका सरकारचा पैसा, थेट किंवा दुसऱ्या संस्थेमार्फत, मिळत असेल, फुलब्राइटसारखा, तर अट अजूनही लागते. म्हणून पगाराचा स्रोत विचारायला सांगितलं. अट लागली की दोन वर्षं भारतात राहिल्याशिवाय किंवा वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट, मिळाल्याशिवाय एच-१बी नाही, ग्रीन कार्ड नाही.

वेव्हरच्या नेहमीच्या मार्गाला भारत सरकारची ना-हरकत लागते आणि त्याआधी नोरी सर्टिफिकेटं (भारतात परतायचं बंधन नाही असं सांगणारी) गोळा करायची असतात, त्यातलं एक आपल्या राज्य सरकारकडून. महाराष्ट्रातल्या माणसासाठी याचा अर्थ मंत्रालयातल्या फायलीच्या मागे कुणीतरी घरचं माणूस लावणं. आणि वेव्हरची शिफारस आली की त्यानंतर जे-१ वाढवून मिळत नाही, त्यामुळे उगाच घाईने वेव्हर मागायचा नाही.

चौथी, टेन्युअर-ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होऊ शकणाऱ्या प्राध्यापकीच्या, पोस्टसाठी जे-१ वापरता येत नाही.

शॉर्ट-टर्म स्कॉलर म्हणून वेगळी कॅटेगरी आहे, कमाल ६ महिने, एक दिवस वाढत नाही. सहा महिन्यांच्या भेटीसाठी उत्तम, कारण तिच्यामुळे २४ महिन्यांची आडकाठी लागत नाही. पण "आधी येऊन तर जा, मग बघू" म्हणून ती घेऊ नका.

### एच-१बी

कंपन्यांना असते तशी युनिव्हर्सिटींना लॉटरी नाही, वर्षाचा कोटा नाही, १ ऑक्टोबरची वाट नाही. वर्षभरात कधीही फाइल होतं, सुरू व्हायच्या तारखेच्या ६ महिने आधीपासून. एकूण ६ वर्षं, एका वेळी जास्तीत जास्त ३.

पण सप्टेंबर २०२५ पासून चित्र बदललंय. २१ सप्टेंबर २०२५ नंतर फाइल झालेल्या नव्या पिटिशनवर, माणूस अमेरिकेबाहेर असेल तर, १ लाख डॉलरची रक्कम लावणारी घोषणा झाली, आणि त्यातून युनिव्हर्सिटींना सरसकट सूट मिळाली नाही. ती घोषणा १२ महिन्यांची होती, त्यामुळे तुम्ही हे वाचताय त्या दिवशी ती लागू आहे का, हा इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचा पहिला प्रश्न. ती लागू असेल तर भारतात बसलेल्या माणसासाठी कुठलंही डिपार्टमेंट एवढे पैसे काढणार नाही, आशा धरून महिने घालवू नका. अमेरिकेत राहून स्टेटस बदलणाऱ्यांना किंवा वाढवणाऱ्यांना ती रक्कम लागत नाही असं यूएससीआयएसने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर राज्याने वेगळं काही बंधन घातलंय का तेही विचारा, टेक्ससने जानेवारी २०२६ मध्ये तसं घातलंय.

⚠ अमेरिकेत राहून एफ-१ किंवा जे-१ वरून एच-१बी ला बदल मागितलाय आणि निकाल यायच्या आत तुम्ही देशाबाहेर गेलात, तर तो बदल सोडून दिला असं धरतात. माझ्या ओळखीतला एक जण भावाच्या लग्नाला आठ दिवस सांगलीला जाऊन येतो म्हणाला. ऑफिसला न विचारता. लग्न छान झालं, हा तिकडेच राहिला. वर्षभर. ती घोषणा लागू असेल तर बाहेर पडलं की १ लाख डॉलरची रक्कमही अंगावर येऊ शकते.

अजून एक. युनिव्हर्सिटीचा एच-१बी हातात आहे म्हणून उद्या कंपनीत उडी मारता येईल असं नाही. आधी कधीच कोट्यात मोजले गेला नसाल तर कंपनीत जाताना लॉटरीतूनच जावं लागतं. उलट दिशेला, कंपनीतून युनिव्हर्सिटीत यायला, काहीच त्रास नाही.

### ओपीटी

एफ-१ वाल्यांना १२ महिने, आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) डिग्री असेल तर वर २४ महिने. अर्ज डिग्री संपायच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत. पण डीएसओने (युनिव्हर्सिटीतला एफ-१ वाल्यांचा अधिकारी) सेव्हिसमध्ये (सरकारची ऑनलाइन नोंद) शिफारस टाकली की ३० दिवसांत अर्ज यूएससीआयएसकडे पोचायला हवा, हे दुसरं घड्याळ लोकांच्या लक्षातच येत नाही. बेकारीचे एकूण ९० दिवस, स्टेम ओपीटी मिळाला की सगळे मिळून १५०.

स्टेम ओपीटीसाठी युनिव्हर्सिटी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायची सरकारी सिस्टिम) असावी लागते. युनिव्हर्सिटी आहे म्हणजे असणारच असं धरून चालू नका, बऱ्याच ठिकाणी नसते. एचआरला विचारा.

आणि हा मुद्दा ठळक करून ठेवा: ओपीटी संपल्यापासून एच-१बी सुरू होईपर्यंत आपोआप मुदत वाढवणारा कॅप-गॅप फक्त लॉटरीतल्या पिटिशनसाठी आहे. युनिव्हर्सिटीचं पिटिशन कोट्याबाहेरचं, त्यामुळे तुम्हाला कॅप-गॅप नाही. ओपीटी ३१ मे ला संपत असेल तर एच-१बी त्याच्या आत मंजूर होऊन सुरू व्हायला हवा, नाहीतर १ जूनला लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही. "नुसते सेल्स (पेशी) फीड करायला" सुद्धा नाही.

### ओ-१

असामान्य कामगिरी असलेल्यांचा हा व्हिसा. पेपर्स, सायटेशन्स, रिव्ह्यूइंग, पुरस्कार अशा आठ निकषांपैकी किमान तीन दाखवावे लागतात. सुरुवातीला ३ वर्षांपर्यंत मिळतो. २१२ई ची अट असली तरी ओ-१ घेता येतो, फक्त त्यासाठी बाहेर जाऊन स्टॅम्प आणावा लागतो. जोडीदाराला ओ-३ वर काम करता येत नाही. फाइल जाडजूड होते आणि शिफारसपत्रं मिळवण्यातच दोन-तीन महिने जातात, पण जे-१ ची ५ वर्षं संपत आलेल्या चांगल्या संशोधकासाठी हा रस्ता लोक उगाचच विचारात घेत नाहीत.

## ४. कागदपत्रं, आणि त्याआधी तुमचं नाव

नाव! आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ हाच. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी शेवटी आईचं. पासपोर्टवर गिव्हन नेम या एकाच रकान्यात नाव आणि वडिलांचं नाव. लग्नानंतर बदललं असेल तर मधलं नावही गेलं आणि आडनावही.

माझ्या बाबतीत डिपार्टमेंटच्या बाईंनी डिग्री सर्टिफिकेट बघून फॉर्म भरला. झालं असं की डीएस-२०१९ वर माझं आडनाव पहिल्या नावाच्या जागी आणि वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. मी पीडीएफ उघडून तारीख बघितली, पगार बघितला, आणि खूश होऊन फाइल बंद केली. इंटरव्ह्यूच्या चार दिवस आधी बाबांनी चष्मा पुसत विचारलं, "हे माझं नाव तुझं आडनाव कधी झालं?" नवीन डीएस-२०१९ यायला आठवडा लागला, अपॉइंटमेंट गेली, पुढची पाच आठवड्यांनी मिळाली.

म्हणून नियम एकच. पासपोर्ट हा मूळ कागद, त्यावर ज्या रकान्यात जे आहे तेच सगळीकडे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) छापून येतं आणि मग बँक, लायसन्स, पगार सगळीकडे तेच भूत मागे लागतं. पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या, मगच पुढे.

बाकी जमवायचं ते:

- पासपोर्ट, शक्यतो कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत वैध. नसेल तर आत्ताच रिन्यू करा.
- डिग्री. पदवीदान व्हायचं असेल तर युनिव्हर्सिटीकडून सगळ्या अटी पूर्ण झाल्याचं पत्र किंवा प्रोव्हिजनल. एच-१बी साठी फाइल करण्याआधीच सगळ्या अटी पूर्ण असाव्या लागतात, "व्हायवा पुढच्या महिन्यात आहे" चालत नाही.
- भारतातल्या डिग्रीचं क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन, एच-१बी ला लागतं.
- सीव्ही, पेपर्सची यादी, आणि तुमचं संशोधन साध्या भाषेत सांगणारं एक पान. हे पान आत्ता फालतू वाटेल, इंटरव्ह्यूला कामाला येतं.
- आधीचे सगळे डीएस-२०१९, आय-२० (एफ-१ चा फॉर्म), आय-७९७ (यूएससीआयएसचं मंजुरीपत्र). सगळे. जुने म्हणून फेकले असतील तर जुन्या युनिव्हर्सिटीकडे मागा.
- लग्नाचं सर्टिफिकेट आणि मुलांचे जन्मदाखले, इंग्रजीत. लग्नपत्रिका नाही.

✔ तपासा: पासपोर्ट समोर ठेवा आणि ऑफर लेटर, डिग्री, लग्नाचं सर्टिफिकेट यांवरचं नाव अक्षर-अक्षर जुळवा. फरक असेल तर एकाच व्यक्तीची नावं असल्याचं ॲफिडेव्हिट करून ठेवा.

## ५. युनिव्हर्सिटीच्या आत काय चालतं

जे-१ चं साधं आहे. डिपार्टमेंट विनंती टाकतं, इंग्रजी येतं याचा पुरावा घेतात (कधी चाचणी, कधी प्रोफेसरबरोबरचा व्हिडिओ कॉल), पगाराचा आणि इन्शुरन्सचा हिशोब होतो, डीएस-२०१९ निघतो. इन्शुरन्स प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचा, डिडक्टिबल ५०० डॉलरच्या वर नको, जे-२ साठीसुद्धा. कुटुंबाचे डीएस-२०१९ पहिल्याच अर्जात मागा.

एच-१बी चा क्रम असा, आणि तो बदलता येत नाही:

१. तुमच्या पोस्टसाठी तिथला प्रचलित पगार ठरतो.
२. कामगार खात्याकडे एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज) जातो, त्याला ७ कामाचे दिवस.
३. आय-१२९ पिटिशन तयार होऊन यूएससीआयएसकडे जातं.
४. साध्या रांगेत कित्येक महिने, जादा फीच्या प्रीमियम रांगेत १५ कामाचे दिवस. प्रीमियमची फी जवळपास ३ हजार डॉलर.

तिसऱ्या पायरीच्या आधीच डिपार्टमेंट, एचआर, डीन ऑफिस अशा सह्यांच्या फेऱ्यांमध्ये महिना-दीड महिना सहज जातो. लोक "प्रीमियमला १५ दिवस" एवढंच धरून बसतात. मी तरी सहा महिने आधी सुरू करायला सांगते.

पैशाचं: एच-१बी ची मूळ फी आणि ५०० डॉलरची फ्रॉड फी युनिव्हर्सिटीनेच भरायची असते, तुमच्याकडून घेता येत नाही. प्रीमियम तुमच्या स्वतःच्या सोयीसाठी असेल तरच तुम्ही भरायचा प्रश्न येतो.

## ६. मुंबईतला इंटरव्ह्यू

क्रम: डीएस-२०१९ हातात, मग सेव्हिस फी (जे-१ ला २२० डॉलर, जे-२ ला लागत नाही), मग डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म), मग व्हिसा फी (जे ला १८५, एच आणि ओ ला त्यापेक्षा जास्त), मग दोन अपॉइंटमेंट. एक बोटांचे ठसे आणि फोटोची, दुसरी बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यूची.

डीएस-१६० पुन्हा भरला तर त्याचा नंबर बदलतो. अपॉइंटमेंटमध्ये जुनाच नंबर राहिला म्हणून दारातून परत पाठवलेले लोक मी बघितलेत.

२०२५ पासून तीन गोष्टी बदलल्या. ड्रॉपबॉक्स, म्हणजे इंटरव्ह्यूशिवाय व्हिसा, बहुतेकांसाठी बंद. इंटरव्ह्यू आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहण्याच्या देशातच द्यायचा, म्हणजे मेक्सिकोत जाऊन स्टॅम्प मारून आणायची जुनी युक्ती गेली. आणि सोशल मीडिया प्रोफाइल पब्लिक ठेवायला लागतात, जे ला जून २०२५ पासून, एच-१बी ला १५ डिसेंबर २०२५ पासून. गेल्या ५ वर्षांतली सगळी हँडल्स डीएस-१६० मध्ये लिहायची असतात. कॉलेजमधलं विसरलेलं अकाउंटसुद्धा.

इंटरव्ह्यूला दोनच मिनिटं मिळतात. "तुम्ही काय संशोधन करता?" याचं उत्तर दोन वाक्यांत, आजीला सांगाल तसं. न्यूक्लिअर, एरोस्पेस, काही प्रकारचं बायोटेक अशा विषयात असाल तर २२१जी ची स्लिप मिळू शकते, म्हणजे जास्तीची तपासणी. ते कायमचं रिजेक्शन नाही. तेव्हा ते एक पान, सीव्ही आणि प्रोफेसरचं पत्र लगेच पाठवायचं आणि रोज स्टेटस रिफ्रेश करत बसायचं नाही. मी बसले होते. लवकर काही होत नाही.

⚠ मोबाइल कॉन्सुलेटमध्ये नेता येत नाही. कोणाला तरी सोबत न्या, किंवा पाकिटात फक्त कागद घेऊन जा. आणि पासपोर्ट हातात येईपर्यंत नॉन-रिफंडेबल तिकीट नको.

## ७. विमानतळ ते पहिला पगार

जे-१ वर प्रोग्रॅम सुरू व्हायच्या ३० दिवस आधीपासून जाता येतं, एच-१बी वर १० दिवस. डीएस-२०१९ आणि आय-७९७ हँडबॅगेत, चेक-इन बॅगेत लोणच्याच्या बरणीखाली नाही.

उतरल्यावर पहिलं काम, त्याच दिवशी: सीबीपीच्या (कस्टम्स आणि सीमा खातं) वेबसाइटवरून आय-९४ डाउनलोड करा. एच-१बी वाल्यांनी तारीख आय-७९७ शी जुळवा. पासपोर्ट आधी संपत असेल तर आय-९४ त्याच तारखेला कापलेला असतो, आणि तुमच्या मंजुरीवर तीन वर्षं लिहिली असली तरी चालतो तो आय-९४. जे-१ वर तारखेऐवजी डी/एस (स्टेटस चालू असेपर्यंत) असायला हवं.

मग इंटरनॅशनल ऑफिसमध्ये चेक-इन. सुरुवातीच्या तारखेपासून ३० दिवसांत सेव्हिस रेकॉर्ड ॲक्टिव्ह झालं नाही तर प्रोग्रॅमच रद्द होतो, "प्रोफेसरला भेटलो की" म्हणजे चेक-इन नव्हे.

आय-९ फॉर्मचा (कामाची परवानगी तपासायचा एचआरचा फॉर्म) तुमचा भाग पहिल्या दिवशी, कागद दाखवायचे तीन कामाच्या दिवसांत. सोशल सिक्युरिटी नंबरसाठी साधारण दहा दिवस थांबून जा म्हणजे रेकॉर्ड सिस्टिममध्ये दिसतं. नंबर आला नाही म्हणून काम थांबवायची गरज नाही, अर्ज केलेला असला की पुरे.

## ८. नोकरी चालू असताना

परवानगी त्या युनिव्हर्सिटीसाठी, त्या पोस्टसाठी, त्या जागेसाठी असते. एच-१बी वर दुसऱ्या शहरातून रिमोट काम करायचं म्हटलं तर आधी सुधारित पिटिशन लागतं. पगार, तास, पद, सुपरवायझर काहीही बदलत असेल तर बदलाच्या आधी ऑफिसला ईमेल.

दुसऱ्या युनिव्हर्सिटीत लेक्चर दिलं आणि मानधन मिळतंय? जे-१ वर आधी लेखी परवानगी असेल तर घेता येतं. एच-१बी वर मानधन घ्यायचं नाही, प्रवासखर्च घेता येतो. गणेशोत्सवात मंडळासाठी फुकट ढोल वाजवा, काही नाही. पण शनिवार-रविवारी पैसे घेऊन कोडिंग, डबे, ट्यूशन, नको.

नोकरी गेली तर एच-१बी वर ६० दिवसांपर्यंत मुदत असते. जे-१ वर प्रोग्रॅम संपल्यावर ३० दिवस, आवराआवर करायला, काम करायला नाही.

## ९. ग्रीन कार्डाचा विचार कधी

टेन्युअर-ट्रॅक लागली असेल तर पहिल्याच महिन्यात विचारा. शिकवण्याच्या पोस्टसाठी लेबर सर्टिफिकेशनचा (ग्रीन कार्डासाठी कामगार खात्याची मंजुरी) सोपा मार्ग आहे, पण तुमची निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत ते फाइल झालं पाहिजे. रुजू झाल्यापासून नाही, निवडीपासून. डीन ऑफिसच्या टेबलावर ही तारीख निघून गेलेली मी बघितलीये.

संशोधकांसाठी ग्रीन कार्डाची ईबी-१बी कॅटेगरी, जिला ३ वर्षांचा अनुभव आणि कायम स्वरूपाची पोस्ट लागते. पोस्टडॉक साधारणपणे त्यात बसत नाही. युनिव्हर्सिटीशिवाय, स्वतःच्या नावाने करायचं तर ईबी-१ए (असामान्य कामगिरीवाल्यांसाठी) किंवा एनआयडब्ल्यू (नॅशनल इंटरेस्ट वेव्हर). एनआयडब्ल्यू ईबी-२ मध्ये येतो आणि भारतीयांची ती रांग दहा वर्षांहून जास्त मागे आहे, तरी आय-१४० मंजूर करून ठेवा, कारण त्यावर एच-१बी सहा वर्षांपुढे वाढतो आणि रांगेतली तारीख तुमच्याकडे राहते.

## १०. टॅक्स, ज्यात पैसे परत द्यावे लागतात

भारत-अमेरिका करारातल्या कलम २२ प्रमाणे शिकवायला किंवा संशोधनाला आलेल्याला दोन वर्षांपर्यंत पगारावर फेडरल टॅक्स माफ होऊ शकतो. पेरोलवाले ही माफी मागायचा ८२३३ फॉर्म उत्साहाने पुढे करतात. पण तुमची भेट दोन वर्षांपेक्षा लांबली तर माफी पहिल्या दिवसापासून जाते आणि सगळा टॅक्स मागे जाऊन भरावा लागतो. तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर मी तरी ती माफी घेणार नाही, किंवा घेतलीच तर ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवेन.

जे-१ वर सहसा पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात व्हायला नको. डिसेंबरात आलात तर तो एक महिनाही अख्खं वर्ष मोजला जातो. पहिली पे-स्लिप आली की हे दोन रकाने बघा, कापलं असेल तर पेरोलला लगेच सांगा. आणि ८८४३ फॉर्म जे-२ वरच्या बायको-मुलांनाही भरावा लागतो, उत्पन्न शून्य असलं तरी, ज्यांना रिटर्न भरायचंच नाही त्यांची तारीख १५ जून.